अंदमानला स्कूबा की सी वॉक?
दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून अंदमानला निघालेले सगळे हेच विचारतात, म्हणून सांगते. हॅवलॉकला (2018 पासून स्वराज द्वीप) जाताय आणि तब्येत ठणठणीत आहे ना, मग स्कूबाच करा (पाठीवर हवेची टाकी, तोंडात तिच्या नळीचं माउथपीस आणि पाण्याखाली डुबकी), पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर सोबतच असतो, आधी उथळ पाण्यात तोंडाने श्वास घ्यायला आणि कानातलं प्रेशर सोडायला शिकवतात, मग हळूहळू खाली नेतात, नवख्यांना जास्तीत जास्त 12 मीटर. मासे अगदी नाकासमोरून जातात! प्रवाळांना हात मात्र लावू नका प्लीज, जिवंत असतात ते.

सी वॉकमध्ये डोक्यावर हेल्मेट, वरून पाइपने हवा, चेहरा कोरडा. पण ठरलेल्या जागेतच चालायचं, त्यामुळे दिसतं कमी. आई-बाबा सोबत असतील किंवा तोंडात माउथपीस धरायची धास्ती वाटत असेल तर हाच बरा. दमा, हार्टचा त्रास असेल तर दोन्हीआधी डॉक्टरांना विचाराच, आणि सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी पाण्याखाली जाऊच नका, कान भयंकर दुखतात.

अजून एक, स्कूबानंतर निदान 18 तास तरी विमानात बसू नका, शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. म्हणजे परतीच्या आदल्या संध्याकाळी नकोच, ट्रिपच्या सुरुवातीलाच बुक करा.