'य' न उमटणारा कीबोर्ड: सात इंची कॉम्प्युटर वापरल्यानंतरचा अनुभव

घडीचा कीबोर्ड कंपनीने अखेर बदलून दिला, म्हणून आता शांत डोक्याने लिहितोय. रॅम किती, प्रोसेसर कुठला, हे विकणाऱ्याने भरपूर लिहून ठेवलंय, ते इथे उगाळत नाही.

माझं काम दस्तलेखनाचं. टेबल अंबाजोगाईला, पण वाटणीपत्राचा कच्चा मसुदा मी पक्षकाराच्या गावात बसूनच करतो. पाच भाऊ एकाच दिवशी तालुक्याला आणणं ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. पंधरा इंची लॅपटॉप पाठीला लावून मोटारसायकलवर केज-धारूरकडे फिरलं की संध्याकाळी कंबर बोलायला लागते. म्हणून गेल्या दिवाळीत हा अर्धा किलोचा सात इंची कॉम्प्युटर आणि सोबत घडी होणारा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला.

कॉम्प्युटरबद्दल फार तक्रार नाही. वर्ड, एक्सेल, सातबारा डाउनलोड करणं, सगळं चालतं. मे महिन्यात पत्र्याखाली बसलं की पंखा घरघरतो आणि मशीन मंदावतं. बेचाळीस डिग्रीत मीही मंदावतो. एक मात्र लक्षात ठेवा, मोबाईलची साधी पॉवर बँक याला चालत नाही, पीडीवालीच, म्हणजे लॅपटॉपही चार्ज करू शकणारी लागते. भारनियमनाच्या गावात हे कळलं की फार मनस्ताप होतो.

आता या मशीनचा स्वतःचा कीबोर्ड. जे परीक्षण बघावं त्यात 'बटणं लहान, पण सवय होते' एवढंच. ते सगळे इंग्रजी टाईप करणारे. मी इनस्क्रिप्टवाला. ही 1986 साली सरकारने प्रमाण केलेली मांडणी: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. त्यामुळे इंग्रजीवाल्याची जिथे विरामचिन्हं असतात तिथे आपली अक्षरं बसलेली आहेत. एलच्या उजवीकडे च आणि ट, पीच्या उजवीकडे ड, आणि खाली स्लॅशच्या बटणावर य. लहान मशीन बनवणारा कात्री चालवतो ती नेमकी याच कोपऱ्यात. त्याचा हिशोबही समजतो. नेहमीच्या कीबोर्डवर एका बटणाला फटीसकट साधारण 19 मिमी लागतात. वरच्या ओळीत इंग्रजीची 10 अक्षरं म्हणजे 19 सेंमी, आपली ड धरून 11 म्हणजे 21 सेंमी, शिवाय कडेचा टॅब वगैरे वेगळाच. माझं अख्खं मशीन 18 सेंमी रुंद. मग ड अर्ध्या बटणाचा, आणि ट तर एफएन (बटणाचं दुसरं काम चालू करणारं जादा बटण) दाबून.

वाटणीपत्र लिहिणाऱ्याला ट एफएन दाबून! यांनी, यांचे, रुपये, येणेप्रमाणे, चतुःसीमा... आमचा सगळा धंदा त्या कोपऱ्यावर चालतो. 'क्षेत्र' लिहायला शिफ्ट धरून 7 आणि 6 लागतात, आणि आकड्यांची ओळ उंचीला निम्मी केलेली.

(बोलून टाईप करा म्हणणाऱ्यांसाठी: मोबाईलला मराठी चांगलं कळतं, मान्य. पण विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांवर तीन भाऊ आणि एक मेहुणा एकदम बोलत असताना त्याने काय काय लिहिलं होतं, ते इथे देता येत नाही.)

घडीच्या कीबोर्डावर च, ट, ड, य सगळे पूर्ण मापाचे होते. पहिले काही महिने मी त्याच्या प्रेमात होतो, दोन वकिलांना घ्यायलाही लावला. थोडा वेळ हात थांबला की तो झोपायचा आणि उठताना पहिलं अक्षर गिळायचा, 'लिहून देणार'चं 'िहून देणार'. पण तेवढं चालवून घेतलं. मग पावसाळ्याच्या तोंडाला य दोनदा दाबावा लागायला लागला. पुढे गेलाच, आणि मागोमाग ट. मसुद्यात 'रुपे पाच लाख', 'वाणीपत्र'. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेषांचं जाळं असतं. घडीच्या सांध्यातली एक रेष तुटली की तिच्यावरची बटणं एकगठ्ठा मरतात. रोज उघडझाप होणाऱ्या वस्तूचा सांधा किती टिकावा, याचा विचार विकताना करायला हवा होता.

वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटर छत्रपती संभाजीनगरला. एसटीने दिवस मोडून गेलो. काउंटरवरच्या पोराने ए ते झेड टाईप केलं, सगळं उमटलं, आणि 'नो फॉल्ट' लिहून कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. म्हटलं, स्लॅश दाबून बघा. तर म्हणतो, "काका, स्लॅश कोण वापरतं?"

मी त्याच्याच कॉम्प्युटरवर मराठी मांडणी चालू करून दिली आणि म्हणालो, आता तुमचं 'नो फॉल्ट' राहू द्या, फक्त 'रुपये' लिहा. त्याने लिहिलं. मग शेजारच्याने लिहून बघितलं. मग मॅनेजर आले. तरी कुरिअरचा खर्च माझ्याकडूनच घेतला, आणि नवीन कीबोर्ड यायला इतके दिवस लागले की मधल्या काळात मी दुसरी सोय करून टाकली.

ती सोय म्हणजे बाजारातला साधा, तारेचा, सहाशे रुपयांचा कीबोर्ड. आधी डोंगलवाला, म्हणजे यूएसबीत छोटा रिसीव्हर खोचायचा, बिनतारी आणला होता, पण शेजारच्या भोकात यूएसबी 3 ची पेन ड्राइव्ह लावली की अक्षरं गळायची. त्या जोडणीचा गोंगाट डोंगलच्याच 2.4 गिगाहर्ट्झवर पडतो. पेन ड्राइव्ह काढली की ठीक. पण ज्याचा दस्त त्याला प्रत तिथल्या तिथे पाहिजे, दर वेळी कुठे काढत बसायची? तारेच्या कीबोर्डाला झोप नाही, चार्जिंग नाही, सांधा नाही. त्यापायी कॉम्प्युटरबद्दलचं माझं मतही बदललं. घेताना खिशात मावतो म्हणून घेतला होता. आता वाटतं, कीबोर्ड पिशवीत न्यायचाच तर दहा इंची, थोडं स्वस्त मशीनही चाललं असतं. तरी दोन्ही मिळून लॅपटॉपपेक्षा हलकंच आहे, आणि दिलेले पैसे वसूल होईपर्यंत मी ते विकणार नाही.

बदलून आलेला कीबोर्ड भाच्याला दिला. तो पुण्यात प्रोग्रॅमिंग करतो, दिवसभर स्लॅश आणि अर्धविराम बडवत असतो. पावतीही त्याच्याच हवाली केली आहे, पुढच्या वेळी काउंटरवर तो भांडेल.

तुम्ही घेणार असाल तर दुकानात मराठी मांडणी लावून 'चतुःसीमा' आणि 'शेतकऱ्याचे क्षेत्र' टाईप करून बघा. ऑनलाइन घेत असाल तर फोटो मोठा करून एलच्या उजवीकडची बटणं मोजा. एंटरच्या आधी दोन पूर्ण बटणं दिसली नाहीत तर पुढचं पान बघा.