इंडियाना गावातील जिमी स्टुअर्ट संग्रहालय

हॉलिवूडचे नट जेम्स ऊर्फ जिमी स्टुअर्ट यांच्या आयुष्यावरील संग्रहालय पाहायचे असेल, तर कॅलिफोर्नियात नव्हे, पेनसिल्व्हेनिया राज्यातील इंडियाना या लहानशा गावी जावे लागते. (नावामुळे गफलत होऊन कोणी इंडियाना राज्याचा रस्ता धरू नये, हे गाव पिट्सबर्गच्या ईशान्येला, गाडीने दीड तासाच्या आत आहे.) स्टुअर्ट यांचा जन्म 20 मे 1908 रोजी येथेच झाला, आणि 1995 मध्ये त्यांच्या वाढदिवशीच, ते हयात असताना, फिलाडेल्फिया स्ट्रीटवरील सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर हे संग्रहालय सुरू झाले. वाचनालयाच्या जिन्याने किंवा लिफ्टने वर जाऊन एका जगप्रसिद्ध नटाला भेटावे, ही कल्पनाच मला फार आवडली.

संग्रहालयाची खरी ताकद या जागेतच आहे. याच रस्त्यावर स्टुअर्ट घराण्याचे लोखंडी सामानाचे दुकान होते आणि वडील अलेक्झांडर ते चालवत असत. ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’साठी मुलाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले, तेव्हा वडिलांनी ते गावी पाठवायला सांगितले आणि पुढे कित्येक वर्षे ती बाहुली खिळे-हातोड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना पाहायला मिळत होती. पडद्यावर स्टुअर्ट यांनी जो सरळ, थोडासा अडखळत बोलणारा, पण आपल्या मतापासून न हटणारा माणूस उभा केला, त्याची मुळे या बाजारपेठेत आहेत, हे त्या रस्त्यावर उभे राहिल्यावर जितके पटते तितके कोणत्याही चरित्रात्मक लेखाने पटत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील वास्तुशास्त्राची पदवी, पुढे नट म्हणून गाजलेल्या हेन्री फोंडा यांच्याशी न्यूयॉर्कमध्ये एका खोलीत राहताना पक्की झालेली मैत्री, हा भाग तुलनेने परिचित आहे. तो झरझर पाहून पुढे गेले तरी चालेल.

थांबावे ते दुसऱ्या महायुद्धातील लष्करी कारकिर्दीच्या दालनात. फेब्रुवारी 1941 च्या अखेरीस ऑस्कर स्वीकारणारा हा नट महिनाभराच्या आत साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला, आणि त्याआधी वजन कमी भरले म्हणून त्याला एकदा परतही पाठवण्यात आले होते. प्रसिद्ध माणसाला प्रचाराच्या कामावर किंवा प्रशिक्षकाच्या जागेवर सुरक्षित ठेवण्याकडे वरिष्ठांचा कल असताना स्टुअर्ट यांनी प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला. 1943 च्या अखेरीस ते इंग्लंडमध्ये 445 व्या बॉम्बफेकी गटात एका स्क्वॉड्रनचे प्रमुख म्हणून पोहोचले आणि बी-24 या बॉम्बफेकी विमानांतून त्यांनी 20 मोहिमा पार पाडल्या. चार वर्षांत शिपायाचे कर्नल झाले. राखीव हवाई दलात 1959 साली त्यांना ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा मिळाला. त्यांचा सावत्र मुलगा रोनाल्ड 1969 मध्ये व्हिएतनाममध्ये मारला गेला, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला या दालनातून सहज पुढे जाणे अवघड होईल. युद्धानंतरचा त्यांचा पहिला चित्रपट म्हणजे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’; त्यात कडेलोटाला आलेल्या नायकाचा, जॉर्ज बेलीचा, चेहरा पाहताना, ती थकलेली नजर केवळ अभिनयातून आलेली नसावी, असे मला नेहमी वाटत आले आहे, आणि हे दालन पाहिल्यावर ते अधिकच वाटू लागते.

संग्रहालयात सुमारे 50 आसनांचे, 1930 च्या दशकातील धाटणीचे एक छोटे चित्रपटगृह आहे आणि ते युनिव्हर्सल स्टुडिओने भेट दिलेले आहे. या भेटीमागील नाते जाणून घेण्याजोगे आहे. स्टुअर्ट यांचे नेहमीचे मानधन युनिव्हर्सलला परवडणारे नव्हते, म्हणून ‘विंचेस्टर 73’ साठी त्यांचे एजंट ल्यू वासरमन यांनी रोख रकमेऐवजी नफ्यातील वाटा मागितला. 1950 चा हा चित्रपट चांगला चालला, स्टुअर्ट यांना भरघोस उत्पन्न झाले आणि मोठ्या नटांनी नफ्यात भागीदार होण्याची वाट त्यानंतर रुळली. स्टुडिओच्या बंधपत्रात अडकलेल्या नटांचे दिवस संपण्यात या कराराचा मोठा हात आहे. येथे चित्रपट दाखवला जात असेल तर तो जरूर पाहावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर हरवणारा त्यांच्या बोलण्यातील प्रत्येक विराम येथे नीट ऐकू येतो.

पोस्टर, छायाचित्रे आणि वैयक्तिक वस्तूंमध्ये लॉस एंजेलिसमधील चेसन्स या उपाहारगृहातील बसण्याचे एक बाकही जतन केलेली आहे. ग्लोरिया यांच्याशी 1949 मध्ये लग्न होण्यापूर्वीची मित्रांची मेजवानी याच उपाहारगृहात झाली होती, आणि हे लग्न ग्लोरिया यांच्या 1994 मधील निधनापर्यंत टिकले. हॉलिवूडच्या मानाने ही असामान्य गोष्ट आहे.

एक सूचना मात्र आवर्जून करावीशी वाटते. काचेच्या पेटीत वस्तू मावतात, अभिनय मावत नाही. ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधील प्रदीर्घ भाषणाच्या प्रसंगी आवाज खरोखर घोगरा व्हावा, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडून घशात पाऱ्याच्या क्षाराचे थेंब टाकून घेतले होते, ही माहिती वाचून आश्चर्य वाटेल, पण तो प्रसंग पाहिलेला असल्याशिवाय त्या कष्टांचे मोल कळणार नाही. त्यामुळे जाण्याआधी हा चित्रपट, एखादा युद्धानंतरचा वेस्टर्न (काउबॉयपट) आणि ‘व्हर्टिगो’ हे तिन्ही पाहून घ्यावेत. ‘व्हर्टिगो’ यासाठी की, गावाने जपलेल्या सज्जन जिमीच्या आत किती अस्वस्थ, हट्टी आणि झपाटलेला माणूस उभा करण्याची क्षमता होती, हे त्यात उघडपणे दिसते.

संग्रहालय लहान आहे. सावकाश पाहिले तरी दोन तास पुरतात, चित्रपटाचा वेळ वेगळा धरावा. वेळा आणि सुट्ट्या आधी विचारून घ्याव्यात. बाहेर न्यायालयाच्या इमारतीसमोर त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. 1983 मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवशी ते स्वतः अनावरणाला आले होते, पण ब्राँझचे काम पूर्ण न झाल्याने त्या दिवशी फायबरग्लासची प्रतिकृती उभी करावी लागली. स्टुअर्ट यांचे चित्रपट ज्यांना मनापासून आवडतात, त्यांनी पिट्सबर्गपर्यंत आल्यास एक दिवस या गावासाठी नक्की राखून ठेवावा.