पाच फुटांची बाई

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण माझे पंचेचाळीस हजार रुपये त्या दोन इंचांत गेले.

वय ४४, वजन ८० किलो, सहा वर्षांपासून शुगर. रंकाळ्याला फेऱ्या मारून झाल्या, रात्रीचा भात बंद करून झाला. रविवारी घरात तांबडा-पांढरा शिजतो आणि मी बाजूला काकडी चावत बसते, तरी काटा जागचा हलत नाही. नणंद म्हणते, "वैनी, तुमचं वजन वाऱ्यावर वाढतंय बघा." अशा बाईला 'वजन कमी करण्यासाठी मोफत तपासणी शिबिर' असा फलक दिसला की पाय आपोआप तिकडं वळतात.

राजारामपुरीत एक हॉल भाड्यानं घेतला होता. चकचकीत कोट घातलेली मुलं-मुली, भिंतीवर आधी-नंतरचे फोटो, प्यायला ताक. (ताक चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.) चपला पायात आणि पर्स खांद्याला तशीच असताना मला काट्यावर उभं केलं. ८३ भरलं. उंची तर मोजलीच नाही. "पाच फूट ना मॅडम?" मी म्हटलं, जरा जास्त असेल. "असू दे, राऊंड फिगर धरू." कॅल्क्युलेटरवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती त्याचा आकडा, आला ३५.७ आणि त्या पोरीनं तक्त्यावरच्या लाल पट्टीवर बोट ठेवलं. त्या लाल रंगानं मी निम्मी गार झाले.

मग आतल्या टेबलावर 'काउन्सेलर' बसलेला. जठर कापून लहान करायचं स्लीव्ह नावाचं ऑपरेशन, पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात, दुर्बिणीतून, तिसऱ्या दिवशी घरी. खर्च विमा कंपनी देणार, ते सगळं 'आमचा माणूस बघतो'. फक्त आजच्या आज पंचेचाळीस हजार भरायचे, उद्यापासून दर वाढणार. नाही जमलं तर पैसे परत, असं तोंडी. मी यूपीआयनं भरले आणि तीन कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना, तशी मी पर्समध्ये पावती कोंबून आनंदानं घरी आले. नवऱ्याला सांगितलंसुद्धा नाही. वीस किलो उतरल्यावर सांगायचं ठरवलं होतं.

मुलगी फार्मसीला आहे. आठवड्यानं भरलेल्या फॉर्मचे फोटो मोबाईलवर आले, ते तिनं बघितले. "आई, तुझी उंची १५२ कशी? आणि एचबीएवनसी १०.२ कुणाची?" एचबीएवनसी म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी शुगरची तपासणी; माझा मागच्याच महिन्यातला रिपोर्ट ७.१ होता.

घोळ नंतर उलगडला. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात वजनाच्या शस्त्रक्रियेचा खर्च हवा असेल तर बीएमआय ४० लागतो, किंवा किमान ३५ आणि जोडीला हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास, नाहीतर औषधांनीही आटोक्यात न येणारा मधुमेह. माझा खरा बीएमआय ३२.५. तिथं ते दार उघडतच नाही. म्हणून मला बुटकी केली, जड केली आणि शुगर वाढवली. खाली सही माझी. उद्या विमा कंपनीनं चौकशी केली असती तर खोटं बोलणारी मी ठरले असते.

त्या पुण्याच्या रुग्णालयात फोन लावला. या लोकांशी आमचा काही संबंध नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. पावती काढून नीट वाचली तर ती भलत्याच एका कंपनीच्या नावाची. तळाला बारीक अक्षरात 'नोंदणी व समुपदेशन शुल्क, परत मिळणार नाही'. डॉक्टरचं नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही.

त्यानंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन एका सर्जनकडं पाठवलं. नर्सनं आधी चपला काढायला लावल्या. १५७ सेंटिमीटर. मग सर्जननी जवळजवळ पाऊण तास नुसते प्रश्न विचारले. घोरता का? पित्ताशयात खडे? थायरॉईड बघितलंय? छातीत जळजळ होते का? कुणी बोललं, मन दुखलं की खाता का? या शेवटच्या प्रश्नाला मी गप्प बसले.

जळजळ मला रोजची, गोळी घेतल्याशिवाय रात्री झोप नाही. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून टाकतात, तो पुन्हा जोडता येत नाही. आणि आधीच जळजळ असेल तर या ऑपरेशननंतर ती वाढू शकते. अशा माणसाची आधी एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून जठर बघायची तपासणी) करून मग बायपासचा विचार करावा लागतो; हृदयाचा नव्हे, जठराचा बायपास, हे वजनाचंच दुसरं ऑपरेशन. शिबिरात हे कुणी विचारलंही नव्हतं. बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर, रक्ततपासण्या जन्मभर, सुरुवातीला पातळ खाणं, केस गळण्याची शक्यता. हे सगळं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं.

मजा म्हणजे त्यांनी 'नको' म्हटलं नाही. आपल्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह गाठतो, म्हणून ३० च्या पुढं आणि शुगर असेल तर शस्त्रक्रियेचा विचार होऊ शकतो, म्हणाले. पण आधी तीन महिने आहारतज्ज्ञाकडं, एंडोस्कोपी, आणि पुढच्या वेळी नवऱ्याला घेऊन या. म्हणजे शेवटी घरी सांगावंच लागलं. ते रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "पंचेचाळीस हजारात सेकंडहँड गाडी आली असती की गं."

पैशांसाठी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, नोटीस पाठवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, हे मला माहीत नव्हतं. अजून एक रुपया आलेला नाही. एंडोस्कोपीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. ऑपरेशन करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

परवा नणंदेच्या गडहिंग्लजच्या मैत्रिणीचा फोन आला. तिकडं तसलंच शिबिर लागलंय, ताई, जाऊ का? मी म्हटलं, आधी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहा, लेकाला डोक्यावर पेन्सिलीची खूण करायला सांग, टेपनं मोज आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेव. मग जायचं तर जा.