घरच्या पेरिटोनियल डायलिसिसची नोंद: वही की टेलिमेडिसिन?

पेरिटोनियल डायलिसिसमध्ये पोटात द्रव सोडून, काही वेळाने तो बाहेर काढून रक्त शुद्ध करतात; अशी एक फेरी म्हणजे एक्स्चेंज. वहीत दर एक्स्चेंजला पिशवीची ग्लुकोज तीव्रता, आत सोडलेला द्रव आणि बाहेर आलेला द्रव लिहायचा; रोज एकदा वजन आणि रक्तदाब. 2,000 मिली सोडले, 2,250 मिली आले, म्हणजे 250 मिली जादा पाणी निघालं. घोळ इथेच होतो: नळी धुतलेला द्रवही निचऱ्याच्या पिशवीत जातो. तो वजा केला नाही की आकडा फुगतो आणि अंगावरची सूज का उतरत नाही ते कळत नाही. शिवाय तपासणीच्या आदल्या रात्री एकदम भरलेली वही काहीच सांगत नाही.

रात्री सायकलर (आपोआप एक्स्चेंज करणारं मशीन) वापरत असाल तर टेलिमेडिसिन, म्हणजे केंद्राने दुरून ठेवलेली देखरेख, सरळ सरस. निचरा, अलार्म, अर्धवट सोडलेले उपचार मशीन आपोआप पाठवतं. सलग काही रात्री निचरा रेंगाळला की नर्स आधी बद्धकोष्ठता आणि मुडपलेली नळी विचारते, मग फायब्रिनची (द्रवात धरणाऱ्या प्रथिनाच्या धाग्यांची) गुठळी किंवा सरकलेला कॅथेटर (पोटात बसवलेली नळी). दिवसा हाताने केलेला एक्स्चेंज मात्र मशीनला कळत नाही. तो स्वतःच नोंदवा.

कॅथेटरच्या तोंडाशी आलेली लाली चांगल्या उजेडातल्या फोटोत दिसते. गढूळ द्रव मात्र फोटोवर सोडू नका. पिशवीखाली छापील कागद धरा. अक्षरं धूसर दिसली किंवा पोट दुखू लागलं तर व्हिडिओ कॉलची वाट न पाहता तीच पिशवी घेऊन लगेच केंद्र गाठा. द्रवात पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरमागे 100 हून जास्त (संसर्गाची खूण) आहेत का, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.