कॉलेजची 'गॅरंटी', प्रॉमचा ड्रेस आणि आमचे गेलेले पैसे

अमेरिकेत ज्यांची मुलं यंदा ज्युनिअर किंवा सीनिअर आहेत, म्हणजे आपल्या हिशेबाने अकरावी-बारावीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. गेल्या वर्षी लेकीच्या सीनिअर इयरमध्ये आम्हाला दोनदा गंडवलं गेलं, एकदा कॉलेजच्या नावाखाली आणि एकदा प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या सोहळ्याच्या. प्रॉमची रक्कम लहान होती, रडारड मोठी. कॉलेजचं उलट.

शाळा सुरू व्हायच्या सुमारास घरी एक जाड पाकीट आलं. त्यावर मुलीचं नाव, शाळेचं नाव आणि सरकारी वाटावा असा शिक्का होता. 'आपल्या पाल्याची आर्थिक साहाय्याच्या मुलाखतीसाठी निवड झाली आहे. दोन्ही पालकांची उपस्थिती आवश्यक.' जागा हायवेलगतच्या हॉटेलातला बँक्वेट हॉल, प्रवेश मोफत. दोन्ही पालक कशाला हवेत, याचा उलगडा नंतर झाला. एकटं कुणी आलं की 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठून जाता येतं. दोघं शेजारी बसले की ती पळवाट बंद.

हॉलमध्ये निम्मे लोक आपलेच होते, म्हणजे मराठी, गुजराती, तेलुगू. सूटबूटवाल्या वक्त्याने पहिला पाऊण तास फक्त घाबरवलं. नामांकित खासगी कॉलेजचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे, हे त्याने दाखवलं, आणि ते खोटं नव्हतं. अशा लोकांचं कसब यातच आहे. त्यांचे आकडे खरे असतात, फक्त त्यावरचा उपाय बनावट असतो. मग आला उपाय. अर्ज, निबंध, फॅफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज), शिष्यवृत्त्या सगळं 'आम्ही करू', पहिल्या तीन पसंतींपैकी एका कॉलेजात प्रवेशाची गॅरंटी आणि वर शिष्यवृत्तीचीही. किंमत ३,४०० डॉलर, आज रात्री सही केली तर २,९००. निम्मे क्रेडिट कार्डावर आणि निम्मे झेल या ॲपने, म्हणजे बँकेतून थेट त्यांच्या खात्यात, 'म्हणजे तुमची प्रोसेसिंग फी वाचेल'.

'गॅरंटी' हा शब्द ऐकून इथे वाढलेला पालक बहुधा उठून गेला असता. आम्ही मात्र सीईटी, कॅप राउंड आणि मॅनेजमेंट कोट्याच्या देशातून आलेलो. प्रवेश म्हटला की क्लास लावायचा, ओळखीचा माणूस शोधायचा आणि कुणाच्या तरी हातावर पैसे ठेवायचे, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. त्यामुळे हॉलमधल्या देशी टेबलांवर पेनं पटापट बाहेर आली. (अमेरिकेत प्रवेशाची पक्की खात्री देणारा एक माणूस खरंच होता, रिक सिंगर. त्याचं लाचखोरीचं प्रकरण २०१९ मध्ये उघडकीला आलं, २०२३ मध्ये त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याच्याकडे गेलेले काही पालकही तुरुंगात जाऊन आले.)

आता पैशांच्या बदल्यात काय मिळालं ते ऐका.

पहिलं, फॅफ्सा. या नावातलं पहिलंच अक्षर 'फ्री'चं आहे. केंद्र सरकारचा हा अर्ज स्टुडंटएड डॉट गव्ह या साइटवर भरायचा असतो आणि त्याला एक सेंटही लागत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला एक आणि पालकाला एक असं स्वतःचं खातं उघडावं लागतं, आणि त्या खात्याचा पासवर्ड म्हणजे तुमची कायदेशीर सही असते. कंपनीच्या बाईंनी दोन्ही खाती स्वतः उघडली आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवले. आमचे सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्या फायलीत गेले ते गेलेच. नंतर आम्ही पासवर्ड बदलले आणि तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये. तेही मोफत होतं.

आमच्या शेजारच्या टेबलावर एच-वन-बी वरचं एक तरुण मराठी कुटुंब होतं. त्यांनाही हेच पॅकेज विकलं. एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या, व्हिसावरच्या मुलाला फेडरल मदत मिळतच नाही, त्यासाठी नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा कायद्यात बसणारा वेगळा दर्जा लागतो. विकणाऱ्याला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

दुसरं, शिष्यवृत्त्यांची यादी. बाडच्या बाड. त्यातल्या कितीतरींच्या मुदती उलटून गेलेल्या, काही दुसऱ्याच राज्यांतल्या मुलांसाठी, आणि एक चक्क उंच मुलामुलींसाठी. आमची लेक पाच फूट एक इंच. बाकीची यादी मोफत साइटवरून जशीच्या तशी छापलेली होती.

तिसरं प्रकरण खरं गंभीर होतं. थँक्सगिव्हिंगच्या आधी 'फायनान्शियल स्ट्रॅटेजी' या नावाखाली एक मीटिंग झाली. बचतीतले पैसे काढून एका जीवन विमा पॉलिसीत टाका, म्हणजे फॅफ्साला ते दिसणार नाहीत, तुमचा ईएफसी (कुटुंबाने स्वतः किती खर्च उचलावा याचा फॅफ्साचा आकडा) खाली येईल आणि दोन वर्षांनी धाकटा कॉलेजला गेला की तो निम्मा होईल, असं त्या गृहस्थांनी सांगितलं. पॉलिसीचे कागद तयारच होते.

सुदैवाने त्याच आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरबाईंची भेट ठरलेली होती. शाळेची काउन्सेलर फुकट असते, म्हणून आम्ही तिला कमी लेखत होतो. एका काउन्सेलरमागे २५० मुलं असावीत अशी त्यांच्या संघटनेची शिफारस आहे, प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत जास्त असतात, त्यामुळे वेळ मागून घ्यावा लागतो. पण त्यांनी ते कागद चाळले आणि पहिला प्रश्न विचारला, 'हे लोक अजून ईएफसी का म्हणताहेत?' २०२४-२५ च्या फॅफ्सापासून तो आकडा गेला आणि त्या जागी एसएआय आला. शिवाय एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असली की पालकांचा वाटा विभागला जायचा, ती सोयही नव्या सूत्रात राहिलेली नाही. म्हणजे आम्हाला विकलेली युक्ती रद्द झालेल्या नियमावर उभी होती.

विम्याबद्दलचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणून जास्त धोक्याचं. जीवन विम्यात साठलेली रक्कम, निवृत्तीची खाती आणि तुम्ही राहता ते घर फॅफ्सात धरत नाहीत, हे बरोबर. पण आमच्यासारख्या दोन पगारांच्या घरात मुख्य वजन उत्पन्नाचं पडतं, बचतीचं नव्हे. अनेक खासगी कॉलेजं वर सीएसएस प्रोफाइल हा आर्थिक माहितीचा वेगळा अर्जही मागतात, आणि तिथे घराच्या किमतीसारख्या गोष्टीही विचारल्या जातात. पॉलिसीत पैसे अडकले की पहिल्या वर्षांत बाहेर काढताना सरेंडर चार्ज. ऐन फी भरायच्या वेळी हातात काही नाही आणि एजंटाचं कमिशन मात्र खिशात.

त्या रात्री आम्ही काउन्सेलरबाईंनी सांगितलेलं नेट प्राइस कॅल्क्युलेटर उघडलं, कॉलेज आपल्याला खरं कितीला पडेल याचा अंदाज देणारं. फेडरल मदत घेणाऱ्या कॉलेजांना २०११ पासून ते आपल्या साइटवर ठेवणं कायद्याने भाग आहे. टॅक्स रिटर्न शेजारी घेऊन बसलो आणि चहा संपायच्या आत कळलं की आमच्या उत्पन्नावर गरजेनुसार मिळणारी मदत बहुतेक कॉलेजांत मिळणारच नाही. मिळालीच तर गुणवत्तेवरची, आणि ती कॉलेज स्वतः देतं, मधल्या कुणाच्या हातात नसते. २,९०० डॉलर ज्यासाठी दिले ते उत्तर असं होतं.

पैसे परत मिळवण्याची गोष्ट नीट वाचा, कारण यातलं काही आम्हाला वेळेवर माहीत नव्हतं. घरी येऊन किंवा हॉटेलच्या हॉलसारख्या तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीला एफटीसीचा, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या केंद्रीय आयोगाचा, 'कूलिंग ऑफ' नियम लागू होतो. अशा तात्पुरत्या जागी व्यवहार १३० डॉलर किंवा त्याहून जास्तीचा असेल, तर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत तो विनाकारणही रद्द करता येतो. शनिवार कामकाजाचा धरतात, रविवार आणि फेडरल सुट्ट्या धरत नाहीत. विक्रेत्याने हे तोंडी सांगायचं असतं आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती द्यायच्या असतात. आम्हाला एकही मिळाली नव्हती. विमा मात्र या नियमाच्या बाहेर आहे.

कार्डावरच्या निम्म्या रकमेसाठी बँकेकडे लेखी डिस्प्यूट केला. आमंत्रणाचं पत्र, कराराची प्रत, मुदत संपलेल्या शिष्यवृत्त्या पिवळ्या शाईने अधोरेखित केलेली यादी आणि फॉर्म न दिल्याची तक्रार, सगळं जोडलं. ते पैसे परत आले. झेलने गेलेले १,४५० डॉलर गेले. बँकेचं म्हणणं एवढंच, 'तुम्ही स्वतः पाठवलेत.' प्रोसेसिंग फी का वाचवत होते ते तेव्हा उमगलं.

फोनवरच्या एका प्रकाराबद्दल दोन ओळी, कारण आमच्या गणपतीच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीला तो फोन आला होता. 'कॉलेज बोर्डातून बोलतोय, तुमच्या मुलाने सॅटच्या तयारीची पुस्तकं मागवली आहेत, डिपॉझिटसाठी कार्ड नंबर द्या, पुस्तकं परत केली की पैसे परत.' मुलाचं नाव, शाळा, पत्ता सगळं बरोबर सांगतात. कॉलेज बोर्ड, म्हणजे कॉलेजप्रवेशासाठीची सॅट परीक्षा घेणारी संस्था, असा फोन करून कार्ड नंबर मागत नाही. इथली सॅट मार्च २०२४ पासून पूर्ण डिजिटल झाली आहे, सरावाच्या परीक्षा ब्लूबुक ॲपवर आणि बाकीची तयारी खान अकॅडमीवर फुकट आहे. मैत्रिणीने फोन ठेवला तो मुलाने मागून 'आई, मी काही मागवलं नाही' असं ओरडून सांगितलं म्हणून.

आता प्रॉम. भारतातून नव्याने आलेल्यांसाठी सांगते, हा शाळेचा वसंतातला नाच-जेवणाचा सोहळा. मुलींचे लांब ड्रेस, मुलांचे भाड्याचे टक्सिडो, आधी कुणाच्या तरी अंगणात फोटो आणि मग हॉल. नवऱ्याने खर्चाचा कागद पाहून 'मुलगा कोण आहे आणि मुहूर्त कधीचा?' असं विचारलं होतं. लेकीला ते अजिबात आवडलं नाही.

मुलींचा इन्स्टाग्रामवर शाळेचा एक ग्रुप असतो. प्रत्येकीने आपल्या ड्रेसचा फोटो तिथे टाकायचा, म्हणजे दुसरी तोच घेणार नाही. त्यामुळे जानेवारीपासूनच घाई सुटते, आणि त्याच सुमारास त्यांच्या फोनवर जाहिराती सुरू होतात. दुकानात सहाशे डॉलरला असलेला ड्रेस १८९ ला! फोटो नावाजलेल्या डिझायनरचा, खाली उलटं धावणारं घड्याळ, 'फक्त दोन शिल्लक'. लेकीने आपल्या डेबिट कार्डाने घेतला. बेबीसिटिंगचे पैसे होते, तिचे तिने खर्चावेत असं आम्हीच ठरवलं होतं.

सहा ते आठ आठवडे म्हणाले होते, एप्रिलच्या मध्याला एक चपटं प्लास्टिकचं पुडकं आलं. रंग पाचूसारखा हवा होता, आला तो पोपटी. मण्यांचं भरतकाम नव्हतं, तर कापडावर त्याचा छापलेला फोटो होता. दुकानाला कळवल्यावर गोड उत्तर आलं, 'ड्रेस ठेवून घ्या, आम्ही २० टक्के परत देतो.' नको म्हटलं तर ३० टक्के. परत पाठवायचा तर चीनचा पत्ता, आणि टपालखर्च ड्रेसच्या किमतीच्या जवळपास. ही बोली ठरलेली असते. अर्धीमुर्धी रक्कम स्वीकारली की पुढे बँकेकडे भांडायला तुमची बाजू लंगडी पडते. आम्ही स्वीकारली नाही, पण क्रेडिट कार्डाला कायद्याचं जे संरक्षण आहे, बिल आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घेण्याचं, ते डेबिट कार्डाला तसं नाही. बँकेने हात वर केले. मे महिन्यात ती साइटच नाहीशी झाली.

जाहिरातीतला फोटो गूगलवर इमेज सर्चमध्ये टाकला असता तर तोच फोटो वेगवेगळ्या किमतींना डझनभर साइटवर दिसला असता. नंतर टाकला, दिसला. बहुतेक डिझायनर आपल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी स्वतःच्या साइटवर ठेवतात, ती पाहायला एक मिनिट पुरतं. लेकीने शेवटी मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीचा ड्रेस घातला. एडिसनमध्ये ब्लाउज शिवणाऱ्या एका गुजराती काकींनी तो चाळीस डॉलरमध्ये बसवून दिला, इतका नीट की ग्रुपवर तिला तो कुठून घेतला असं विचारत होते.

पार्टी बसबद्दलही सांभाळा. एखादी आई सगळ्यांकडून व्हेन्मो ॲपवर पैसे गोळा करते आणि कुणीच करार पाहत नाही. लेखी करार आणि विम्याचा कागद मागा. राज्याबाहेर, म्हणजे न्यूयॉर्कला वगैरे जाणार असाल तर कंपनीचा यूएसडॉट (केंद्रीय वाहतूक खात्याचा नोंदणी) क्रमांक घेऊन फेडरल मोटर कॅरिअर खात्याच्या साइटवर तपासा.

आम्ही एफटीसीच्या रिपोर्टफ्रॉड साइटवर आणि न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सकडे दोन्ही तक्रारी केल्या आहेत. कॉलेजवाल्या कंपनीने आता नाव बदललं आहे, हॉटेलही वेगळं, पण परवा शेजाऱ्यांना आलेल्या पाकिटावरचा शिक्का तोच होता. त्या रात्री त्या हॉलमध्ये तुम्ही असाल, किंवा तसं पाकीट तुमच्याकडे आलं असेल, तर ते फेकू नका. फोटो काढून तुमचीही तक्रार टाका. एकट्या कुटुंबाच्या कागदावर कुणी लगेच धावून येत नाही, दहा-बाराजणांचे कागद सारखेच निघाले तर दखल घ्यावी लागते.