तुरटीचं पाणी ढवळायचं कसं: मोटरने की आडभिंतींनी?

दिवसाला 10 लाख लिटरचं जलशुद्धीकरण केंद्र बांधायचं ठरलं की चर्चा विजेवर येते. पण हिशोब करून बघा. मातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या व्हाव्यात म्हणून तुरटी घातलेलं पाणी 20 मिनिटं मध्यम गतीने ढवळायला पाण्यात जिरणारी शक्ती जेमतेम 22 वॅट, एका मोठ्या एलईडी बल्बाएवढी. तेव्हा निव्वळ वीज वाचते म्हणून पाण्याला वळणं घेत फिरवणाऱ्या आडभिंती निवडू नका. मोटरने पॅडल फिरवणाऱ्या टाकीत पैसा आणि जीव खातो तो गिअरबॉक्स. तो बंद पडला आणि सुटा भाग यायला पंधरा दिवस लागले, तर तेवढे दिवस गाव गढूळ पाणी पितं.

आडभिंतींच्या नागमोडी चॅनलमध्ये हेच काम पाण्याची सुमारे 20 सेंटिमीटर उतरण करते. बिघडायला काही नाही, गाळ तेवढा काढायचा. खडीच्या थरातून पाणी नेऊन गुठळ्या बांधण्याची साधी पद्धत तर आपल्याकडे रामटेक आणि चांदोरीला वापरली गेली आहे. मेख आहे ती प्रवाहात. दोनपैकी एकच पंप चालू असेल, तर निम्म्या प्रवाहाला ढवळण्याचा जोर जवळपास एकतृतीयांशावर येतो आणि गुठळ्या चॅनलमध्येच बसतात. पॅडलला याचं सोयरसुतक नाही. शिवाय हिवाळ्यात पाणी कमी गढूळ असतं, कण एकमेकांना क्वचितच भिडतात, तेव्हा वेग बदलता येणं मोठी सोय ठरते.

माझं मत स्पष्ट आहे: पंप ठरावीक प्रवाहाने चालणार असेल आणि जवळ मेकॅनिक नसेल, तर आडभिंती. प्रवाह रोज बदलणार असेल, तर पॅडल, पण सुटा गिअरबॉक्स पहिल्या दिवसापासून स्टोअरमध्ये हवा.

तुरटी कुठे पडते, हे मात्र दोन्हीकडे सारखंच महत्त्वाचं. तिची क्रिया सेकंदाच्या आत उरकते, म्हणून ती जोरदार खळखळाटातच पडली पाहिजे. संथ कोपऱ्यात सोडलेली तुरटी बरीचशी वाया जाते. पुढे नियम उलटा: गुठळी टाचणीच्या डोक्याएवढी झाली की तिला धक्का लागता कामा नये, कारण फुटलेली गुठळी पुन्हा तशी बांधली जात नाही.

निर्णयाआधी आपल्याच नदीच्या पाण्याची जार टेस्ट, म्हणजे भांड्यांत वेगवेगळ्या मात्रेची तुरटी ढवळून बघायची चाचणी, समोर उभं राहून बघा. गुठळ्यांच्या मधलं पाणी नितळ दिसायला हवं. दुधाळ झाक राहिली, तर मात्रा किंवा ढवळणं चुकलंय. आणि केंद्राच्या नकाशात, गुठळ्या जिथे तळाशी बसतात त्या निवळण टाकीकडे जाणारा पाइप शोधा. तिथे पाणी उंचावरून आदळत असेल, तर आधी ते बदलून घ्या.