राजहंसाची अंडी मागवताना झालेली फसवणूक

उबवणीसाठी राजहंसाची फलित अंडी घरपोच मिळतील, अशी जाहिरात पाहून केलेल्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. शेतावर राखणीसाठी राजहंस पाळू इच्छिणाऱ्यांची संख्या आमच्या भागात बरीच असल्याने ती कशी झाली, हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

विक्रेत्याने तळ्याकाठच्या थव्याचा व्हिडिओ दाखवला, सगळी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली आणि पिल्लू न निघाल्यास पैसे परत करण्याचे वचन दिले. खरी मेख या वचनातच होती. कोंबडीचे अंडे 21 दिवसांत फुटते, राजहंसाला मात्र साधारण 30 दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. हमी खरी की खोटी हे कळेपर्यंत महिना उलटतो आणि तोवर विक्रेता हाती लागत नाही.

अंडी आली तेव्हा ती घासूनपुसून चकाकत होती. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि जंतूंना आत वाट मिळते; म्हणून उबवणीची अंडी जाणता माणूस अशी घासत नाही. राजहंसाचे अंडे बहुधा 140 ग्रॅमच्या वर भरते, पण यातली काही 75 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सरळ बदकाची होती. टॉर्चच्या उजेडात रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी दिसली, हे अंडे शिळे असल्याचे लक्षण. थंड जागी ठेवली तरी सात ते दहा दिवसांनंतर अंड्यांची उबवणक्षमता घटू लागते. फोटो पाठवल्यावर उत्तर आले, ‘प्रवासात असं होतंच.’

अंडी दिवसभर स्थिर ठेवून, घरच्या गावरान कोंबडीच्या अंड्यांसोबत एकाच यंत्रात, 37.5 अंश सेल्सिअसवर लावली. आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत तपासले, तेव्हा गावरान अंड्यांत लाल शिरा, म्हणजे गर्भ वाढत असल्याची खूण, स्पष्ट दिसत होत्या आणि विकत घेतलेली सगळी अंडी आरपार पिवळी, रिकामी होती. विक्रेता तरीही आर्द्रता कमी पडली, अंड्यांवर कोमट पाणी शिंपडले नाही, महिना होऊ द्या, असेच सांगत राहिला. राजहंसाच्या अंड्यांना आर्द्रता आणि रोज थोडा वेळ थंडावा लागतो, हे खरे आहे. पण एकाही अंड्यात शिरा का नाहीत, याचा तो खुलासा होऊ शकत नाही. अर्धे खरे बोलून दोष गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याची ही पद्धत मला सर्वांत संतापजनक वाटते. महिना भरताच त्याचा फोन बंद झाला.

राजहंस मादी हंगामातच अंडी घालते आणि वर्षाकाठी सहसा तीस-पन्नासच देते, त्यामुळे बाराही महिने हवी तितकी अंडी देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे. शक्य असल्यास नर-माद्यांचा थवा प्रत्यक्ष पाहूनच अंडी घ्यावीत. लांबून मागवायचीच असतील, तर प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने घातल्याची तारीख लिहून घ्यावी, खोके उघडताना चित्रीकरण करावे आणि निम्मी रक्कम आठव्या दिवसाच्या तपासणीनंतर देण्याचे लेखी ठरवावे. हे मान्य नसेल, तर व्यवहार करू नये. पैसे बुडाल्याचे लक्षात येताच 1930 या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी 1915 हा क्रमांक आहे. संभाषण, पैसे भरल्याची पावती आणि तपासणीचे फोटो यांतले काहीही पुसू नये.